खिशातील पेठ आणि तिची जकात

बंगळूरूच्या जुन्या शहरातून हिंडणाऱ्या मराठी माणसास तेथील गल्ल्यांची नावे फारशी परकी वाटत नाहीत. केंपेगौडांनी १५३७ च्या सुमारास या नगरीचा पाया घातला आणि तिच्या कोटाच्या आत धंद्याधंद्यांच्या पेठा वसल्या. कानडीत तांदळास ‘अक्की’ म्हणतात, म्हणून तांदळाच्या व्यापाऱ्यांची ती अक्कीपेट. कापसाची ती अरळेपेट. बांगड्यांची ती बळेपेट. पुढे १६३८ मध्ये हे शहर विजापूरच्या सत्तेखाली आले आणि शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. शंभर-सव्वाशे वर्षांनी पेशव्यांच्या पुण्यातही अशाच पेठा वाढल्या. नवी पेठ वसवावयाची म्हणजे शेटे-महाजनांना कौल द्यावयाचा, पहिली काही वर्षे जकात माफ करावयाची, आणि व्यापारी नांदू लागले म्हणजे मग सरकारची उगवणी सुरू करावयाची, ही रीत त्या काळी सर्वपरिचित होती.

पेठ वसविणे म्हणजे नुसती दुकानांची रांग बांधणे नव्हे. तेथे जागा लागते, चोरापासून संरक्षण लागते आणि या दोहोंच्या बदल्यात जकात द्यावी लागते. म्हणूनच प्रत्येक पेठेच्या इतिहासात तीन प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित झालेले दिसतात. जकात कोणी घ्यावी? ती किती घ्यावी? आणि जकातदाराने अन्याय केला, तर लहान दुकानदाराने दाद कोणाकडे मागावी? हे तीन प्रश्न गेल्या काही वर्षांत एका अगदी नव्या पेठेच्या संदर्भात आपल्या देशात उभे राहिले. ही पेठ कोणत्याही गल्लीत नाही. ती स्मार्टफोनच्या पडद्यावर, म्हणजे माणसाच्या खिशात आहे. अ‍ॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहानमोठ्या आज्ञावली तेथे मांडल्या जातात, आणि गिऱ्हाईक बोटाच्या एका स्पर्शाने त्या घरी, नव्हे हाती, घेऊन जाते.

योगायोग असा की, या अदृश्य पेठेच्या दोन प्रतिस्पर्धी मालकांची ठाणी केंपेगौडांच्याच शहराच्या पूर्व अंगास, महादेवपुरा विभागात, एकमेकांपासून फार दूर नाहीत. एकेकाळी हा तळ्यांचा आणि शेतांचा मुलूख होता. १८८२ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर याच बाजूला व्हाइटफील्ड ही अँग्लो-इंडियन लोकांची शेतीप्रधान वसाहत स्थापन झाली. १९९० नंतरच्या दशकात व्हाइटफील्डला संगणक-कंपन्यांसाठी मोठे संकुल उभे राहिले आणि हुडी, दोड्डनेकुंदी, बेळ्ळंदूर, तसेच नाव ऐकताच मराठी कान टवकारावेत असे मराठहळ्ळी, या गावांचा पाहता पाहता कायापालट झाला. २००७ मध्ये महादेवपुऱ्याची स्वतंत्र नगरपालिका बृहत् बंगळूरू महानगरपालिकेत विलीन झाली, आणि २०२५ मध्ये त्या महानगरपालिकेचेही विभाजन होऊन हा भाग बंगळूरू पूर्व महानगरपालिकेकडे आला. त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्यात गूगल कंपनीने महादेवपुऱ्यात ‘अनंत’ नावाचे भव्य कार्यालय उघडले. पाच हजारांहून अधिक माणसे बसू शकतील अशी ही वास्तू त्या कंपनीच्या जगभरातील सर्वांत मोठ्या कार्यालयांपैकी एक आहे. भारतातील बहुसंख्य फोनांवर जी पेठ प्रथमपासूनच मांडलेली येते, त्या प्ले स्टोअरची मालकी याच कंपनीकडे आहे. महादेवपुऱ्याच्याच बेळ्ळंदूर भागात फोनपे ही पैशांची देवघेव करणारी कंपनी नांदते, आणि तिने २०२४ मध्ये इंडस अ‍ॅपस्टोअर ही दुसरी पेठ उघडली. या दोन ठाण्यांच्या मधल्या गल्ल्यांतून भाड्याच्या खोल्यांत राहून, दोघे-तिघे मिळून, क्वचित एकट्यानेच अ‍ॅप रचणारे तरुण पुष्कळ आहेत. प्रस्तुत इतिहास खऱ्या अर्थाने त्यांचा आहे.

या पेठेचा जन्म फार जुना नाही. अ‍ॅपल कंपनीने १० जुलै २००८ रोजी आपले अ‍ॅप स्टोअर उघडले, तेव्हा त्यात सुमारे पाचशे अ‍ॅप्स होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलने अँड्रॉइड मार्केट सुरू केले आणि मार्च २०१२ मध्ये त्याचेच नाव प्ले स्टोअर असे ठेवले. विक्रीच्या दर शंभर रुपयांतील तीस रुपये पेठेच्या मालकाने घ्यावयाचे आणि सत्तर रुपये अ‍ॅप रचणाऱ्यास द्यावयाचे, हा दर प्रारंभापासूनच ठरला. आज हा दर जुलमी वाटतो. परंतु त्या वेळी त्याचे स्वागतच झाले होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. त्यापूर्वी फोनवरील रिंगटोन, खेळ आणि संदेशसेवा विकणाऱ्यांना टेलिफोन-कंपन्यांच्या दारात उभे राहावे लागे, आणि उत्पन्नाचा मोठा वाटा त्या कंपन्याच ठेवून घेत. त्या मानाने नवी पेठ उदार होती. पुण्यातील किंवा बंगळूरूतील एखाद्या खोलीत बसलेल्या तरुणाची कृती एका दिवसात जगाच्या पाठीवर कोठेही पोहोचू लागली. गोदाम नको, वितरक नको, वसुलीची विवंचना नको. नव्या पेठेचा कौल जसा सवलतीचा असतो, तसाच हाही होता.

पेठ भरली आणि चित्र पालटले. भारतातील दर शंभर स्मार्टफोनांपैकी सुमारे पंचाण्णव अँड्रॉइडवर चालतात. त्या फोनवर प्ले स्टोअर आधीपासूनच असते. बाहेरून अ‍ॅप घ्यावयाचे तर ‘अनोळखी ठिकाणाहून घेत आहात’ असा इशारा पुढे येतो आणि वेगळी परवानगी द्यावी लागते. सामान्य माणूस तेथेच बिचकतो आणि मागे फिरतो. म्हणजे अन्य वाटेस कायद्याने मज्जाव नसला, तरी राजरस्ता एकच उरला. राजरस्ता एकच असला म्हणजे त्यावरील नाकेदाराचा शब्द हाच कायदा होऊन बसतो.

लहान अ‍ॅपकर्त्याच्या अडचणी येथून सुरू होतात. प्रवेशशुल्क तसे मोठे नाही. गूगलकडे एकदाच पंचवीस डॉलर आणि अ‍ॅपलकडे दरवर्षी नव्याण्णव डॉलर भरावे लागतात. खरी अडचण पुढे आहे. लाखो अ‍ॅप्सच्या गर्दीत आपले अ‍ॅप गिऱ्हाइकाच्या नजरेस पडावे कसे? शोधाच्या यादीत कोणते नाव वर आणि कोणते खाली, हे ज्या हिशेबाने ठरते तो हिशेब मालकापाशी असतो. मोठी कंपनी पैसे देऊन जाहिरात करते. लहान माणसास ते परवडत नाही. नियम मालकाच्या मर्जीने बदलतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्ले स्टोअरने असा नियम केला की, नव्याने खाते उघडणाऱ्या व्यक्तीने आपले अ‍ॅप निदान वीस माणसांकडून सलग चौदा दिवस पारखून घेतल्याखेरीज ते सर्वांसाठी खुले करता येणार नाही. वर्षभराने ही संख्या वीसवरून बारावर आणण्यात आली. पगारी माणसे बाळगणाऱ्या कंपनीस असा नियम जाणवतही नाही. एकट्याने काम करणाऱ्यास मात्र मित्रांची आणि नातेवाइकांची मनधरणी करीत हिंडावे लागते. शिवाय एखाद्या नियमाचा भंग झाला असे यंत्राने ठरविले, तर अ‍ॅप काढून टाकले जाते, आणि त्याविरुद्ध केलेल्या अर्जाचे उत्तर पुष्कळदा ठरीव मजकुराचे असते.

यात मालकाची बाजू नाही असे मात्र नाही. फसवी कर्जे देणारी, लोकांची खाजगी माहिती चोरणारी, बँकांची नक्कल करणारी अ‍ॅप्स या पेठेत शिरतात आणि त्यांना वेचून बाहेर काढणे हे मालकाचेच काम आहे. पारखणीचा नियमही याच हेतूने केल्याचे सांगण्यात येते. कोतवाल नसलेल्या पेठेत गिऱ्हाईक येणार नाही, हे खरेच आहे. आक्षेप आहे तो कोतवाल, जकातदार, न्यायाधीश आणि शेजारचा दुकानदार ही चारही पदे एकाच माणसाकडे एकवटली आहेत, यावर.

जकातीचे स्वरूपही नीट समजून घेतले पाहिजे. गूगलच्या सांगण्याप्रमाणे प्ले स्टोअरवरील शंभरातील सत्त्याण्णव अ‍ॅपकर्ते काहीच कमिशन देत नाहीत, कारण ते काही विकतच नाहीत. जे विकतात त्यांतही एक भेद आहे. अ‍ॅपमधून तांदूळ मागविला, टॅक्सी बोलाविली किंवा कापड घेतले, तर त्या रकमेवर कमिशन नाही. अ‍ॅपमधील धडे, कथा, बोलती पुस्तके, शब्दांचे खेळ किंवा दरमहा वर्गणी, म्हणजे जी वस्तू फोनमध्येच दिली आणि घेतली जाते, तिच्यावर मात्र ते आहे. अक्कीपेटेतील व्यापाऱ्यास जकात माफ आणि पोथ्या विकणाऱ्यास लागू, अशातलाच हा प्रकार झाला. मराठीसारख्या भाषेत लहान माणसाने अल्प भांडवलावर करावयाचे जे उद्योग आहेत, ते बहुतांशी या दुसऱ्या वर्गात मोडतात.

एक साधा हिशेब पाहावा. मराठी व्याकरणाचे धडे देणाऱ्या एखाद्या अ‍ॅपची मासिक वर्गणी ९९ रुपये आहे असे समजू. तीस टक्क्यांच्या दराने त्यातील २९ रुपये ७० पैसे पेठेच्या मालकाकडे जात. १ जुलै २०२१ पासून गूगलने वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरांच्या उत्पन्नावर पंधरा टक्के दर लावला. त्याने ही रक्कम १४ रुपये ८५ पैशांवर आली. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा. यूपीआयने थेट पैसे स्वीकारणाऱ्या दुकानदाराकडून व्यवहारशुल्क घेऊ नये, असा नियम भारतात १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. रस्त्यावरचा भाजीवाला ज्या सोयीसाठी एक पैसाही मोजत नाही, तिच्याऐवजी मालकाचीच वसुलीची पद्धत वापरण्याची सक्ती धडे विकणाऱ्यावर होती. हा वाद अन्य देशांतही झाला; पण भारतात तो इतका तीव्र का झाला, याचे उत्तर या दोन आकड्यांच्या अंतरात आहे.

वादाला तोंड लागले ते २०२० मध्ये. त्या वर्षी १८ सप्टेंबर रोजी पेटीएमचे अ‍ॅप काही तासांसाठी प्ले स्टोअरवरून काढण्यात आले. पुढे दहा दिवसांतच, वर्गणी व अन्य डिजिटल विक्री आपल्याच वसुलीपद्धतीने करावी लागेल, असे गूगलने निक्षून सांगितले. भारतीय उद्योजकांनी ओरड केल्यावर या देशापुरती मुदत वाढविण्यात आली. नोव्हेंबर २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी सुरू केली, आणि २५ ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला ९३६ कोटी ४४ लक्ष रुपयांचा दंड केला. त्यापूर्वी पाचच दिवस अँड्रॉइडच्या एका वेगळ्या प्रकरणात १,३३७ कोटी ७६ लक्ष रुपयांचा दंड झालाच होता. आयोगाच्या निर्णयातील एक मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. इतरांवर जी वसुलीपद्धत सक्तीची होती, ती गूगलच्याच यूट्यूबला लागू नव्हती. पेठेच्या मालकाने स्वतःचे दुकान थाटावयाचे आणि त्यावर जकात मात्र लावावयाची नाही, हे न्याय्य नव्हे, असे आयोगाचे म्हणणे पडले.

यानंतर गूगलने दुसरी वसुलीपद्धत वापरण्याची मुभा दिली. परंतु तशी ती वापरली, तरी कमिशनात सूट फक्त चार टक्क्यांची. पंधराऐवजी अकरा आणि तीसऐवजी सव्वीस. म्हणजे नाक्यावरून न जाता आडवाटेने गेले तरी जकातीचा बहुतेक भाग द्यावयाचाच. काही भारतीय कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या, आणि तेथे यश न आल्यावर सर्वोच्च न्यायालयात गेल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम संरक्षण नाकारले. १ मार्च २०२४ रोजी गूगलने दहा कंपन्यांवर कारवाई सुरू केली. भारत मॅट्रिमोनी, शादी डॉट कॉम, नोकरी, आणि मराठीतही कथा ऐकविणारे कुकू एफएम अशी घरोघरी ठाऊक असलेली नावे पेठेतून दिसेनाशी झाली. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी ही गोष्ट चालू देणार नाही असे बजावले, बैठका झाल्या, आणि चार-पाच दिवसांत अ‍ॅप्स परत आली. त्याच महिन्यात आयोगाने नव्या दरांचीही चौकशी करण्याचा आदेश दिला. ९३६ कोटींच्या दंडावरील अपिलाचा निर्णय राष्ट्रीय कंपनी कायदा अपीलीय न्यायाधिकरणाने २८ मार्च २०२५ रोजी दिला. गूगलचे वर्तन दोषास्पद असल्याचा निष्कर्ष काही अंशी कायम राहिला. दंड मात्र २१६ कोटी ६९ लक्षांवर आला.

चौकशीच्या प्रारंभापासून या निर्णयापर्यंत चार वर्षांहून अधिक काळ लोटला. मोठ्या कंपनीस वकील मिळतो, मंत्र्यांपर्यंत पोहोचता येते, वर्तमानपत्रे तिची बातमी छापतात. हुडीतील किंवा मराठहळ्ळीतील खोलीत बसलेल्या दोघांचे अ‍ॅप एखाद्या सकाळी नाहीसे झाले, तर त्यासाठी कोणी बैठक बोलावीत नाही. त्यांची शिल्लक चार महिनेदेखील पुरत नाही. चार वर्षे कोठून पुरणार?

मग दुसरी पेठच का वसवू नये, असा विचार येणे स्वाभाविक होते. तो प्रथम सुचला तो मुंबईत, आणि त्यात मराठी माणसे आघाडीवर होती. मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेले राकेश देशमुख, त्यांचे मित्र आकाश डोंगरे व अन्य सहकारी यांनी २०१५ मध्ये अँड्रॉइडवर आधारलेली, भारतीय भाषांतून चालणारी एक प्रणाली मायक्रोमॅक्सच्या फोनांवर आणली. तिचेच नाव पुढे इंडस ओएस असे झाले. बोट एका बाजूस सरकविले की इंग्रजी मजकुराचा अनुवाद मिळावा आणि दुसऱ्या बाजूस सरकविले की लिप्यंतर व्हावे, अशी तिची योजना होती. तिच्यासोबत अ‍ॅप बाजार नावाची छोटी पेठही होती. ई-मेलचा पत्ता नसलेल्या माणसासही तेथून अ‍ॅप घेता येई. ज्या घरात पहिला फोन आला आहे, पण ई-मेल म्हणजे काय हे कोणास ठाऊक नाही, अशा घराचा विचार त्या योजनेमागे होता. २०१९ मध्ये सॅमसंगने आपल्या पेठेसाठी या मंडळींचे साहाय्य घेतले. परंतु स्वस्त चिनी फोनांच्या लाटेत भारतीय फोन-कंपन्या मागे पडल्या, तेव्हा त्यांच्या आधारावर उभ्या असलेल्या या प्रयत्नाचाही पाया खचला. २०२१ मध्ये फोनपेने ही कंपनी घेण्याचे जाहीर केले. भागधारकांत वाद झाला, तो मिटला, आणि २०२२ मध्ये मुंबईचे हे रोप बेळ्ळंदूरच्या कंपनीच्या अंगणात लागले.

२१ फेब्रुवारी २०२४ रोजी इंडस अ‍ॅपस्टोअरचा प्रारंभ झाला. बारा भारतीय भाषा, दोन लाखांवर अ‍ॅप्स, मोबाइलच्या क्रमांकावरून प्रवेश, पहिले वर्षभर नोंदणीशुल्क माफ, आणि कोणत्याही वसुलीपद्धतीची मोकळीक, ही तिची वैशिष्ट्ये. कौल देऊन पेठ वसविण्याची जुनी रीत येथे जशीच्या तशी आढळते. परंतु पेठ वसविणे वेगळे आणि तिच्याकडे रस्ता वळविणे वेगळे. गिऱ्हाइकाच्या हाती फोन येतो तेव्हा जी पेठ त्यावर आधीच मांडलेली असते, तीच त्याच्या दृष्टीने पेठ. शिवाय दुसऱ्या पेठेचा मालकही काही लहान माणूस नव्हे. २०१८ पासून फोनपेच्या पाठीशी अमेरिकेतील वॉलमार्टचे भांडवल आहे. नव्या पेठेचा कौल संपल्यावर तिची जकात काय असेल, याची हमी केवळ तिच्या स्वदेशी नावातून मिळत नाही. दोन पेठा असणे एकीपेक्षा निःसंशय बरे. पण न्यायाची जागा केवळ स्पर्धा घेऊ शकत नाही.

या ठिकाणी वऱ्हाडच्या कापसाच्या बाजाराची आठवण होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी गिरण्यांना कापूस हवा होता आणि वऱ्हाडचा शेतकरी गाडी जुंपून बाजारात येई. तेथे अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत; ज्याचा माल, तो शेजारी उभा असूनही त्याला भाव कळत नसे. मग हाती येणाऱ्या रकमेतून अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय अशा नाना नावांनी कपात होई. भारतातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो १८८६ मध्ये वऱ्हाडातील कारंजा येथे सुरू झाला, आणि १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजारांचा कायदा वऱ्हाडास लागू करण्यात आला. त्या कायद्याने बाजार बंद केला नाही की अडत्यास हाकलून दिले नाही. त्याने कपातीचे दर ठरवून दिले, वजनमापे तपासण्याची व्यवस्था केली आणि बाजारावर देखरेख ठेवण्यासाठी समिती नेमली. तीच परंपरा १९६३ च्या महाराष्ट्राच्या कृषी उत्पन्न बाजार कायद्यापर्यंत चालत आली.

त्या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढे कित्येक बाजार समित्यांत अडत्यांचेच वजन वाढले आणि समिती ही नवी नाकेदार बनली. फळे व भाजीपाला विकणाऱ्या शेतकऱ्याच्या माथ्यावरील अडत खरेदीदाराकडे वळविण्यास महाराष्ट्रात २०१६ साल उजाडावे लागले. तेव्हा एकदा कायदा केला की काम संपले, असे नाही. तथापि रुमाल दूर झाला, भाव उघड पुकारला जाऊ लागला, ही प्राप्ती लहान नव्हती. आणि ती कोणा व्यापाऱ्याच्या सद्बुद्धीने झालेली नव्हती.

खिशातील पेठेत आज जो रुमाल आहे तो कापडाचा नाही. शोधाच्या यादीचा गुप्त हिशेब, एका बाजूने बदलणारे नियम आणि यंत्राचे ठरीव उत्तर, हे त्याचे धागे आहेत. युरोपीय संघाने मार्च २०२४ पासून अशा पेठमालकांवर कायद्याची बंधने लागू केली. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने गूगलविरुद्ध कौल दिला. भारतातही मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धेच्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे आला. या सर्वांचे अंतिम फळ काय हे काळच ठरवील. पण मागणी मात्र जुनीच आणि माफक आहे. दर आधी जाहीर असावा, तराजू उघड्यावर असावा, मालकाच्या दुकानालाही तोच नियम असावा, आणि तक्रार ऐकणारा माणूस मालकाचा नोकर नसावा. शिवाय त्याने ती लहान दुकानदार तग धरून आहे तोवर ऐकावी.

अक्कीपेटेत आजही जुनी नावे टिकून आहेत. ज्यांनी तेथे जकात वसूल केली त्यांची नावे मात्र फारशी कोणास आठवत नाहीत. पेठेस नाव मिळते ते तिच्यात कष्ट करणाऱ्यांच्या धंद्यावरून. महादेवपुऱ्याच्या खोल्यांतून रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, ते अशाच कष्टकऱ्यांचे आहेत. ते दिवे जळत राहिले, तरच तेथील दोन्ही मोठ्या ठाण्यांच्या वैभवास अर्थ राहील.